पॅलेट कोणाची, अक्षर कोणाचे?

चित्रकार ज्या फळीवर रंग काढून घेतो, तिला पॅलेट म्हणतात. संगणकावर अ‍ॅप रचण्याची जी दृश्य साधने आहेत, त्यांनी हा शब्द चित्रकाराकडूनच उचलला आहे. या साधनांत पडद्याच्या कडेला एक पट्टी असते. तीत बटण, मजकुराची चौकट, यादी, कॅमेरा, ध्वनिमुद्रक असे तयार घटक मांडून ठेवलेले असतात. हवा तो घटक माउसने ओढायचा आणि मधल्या कोऱ्या पडद्यावर ठेवायचा. प्रोग्रॅमची एकही ओळ न लिहिता अ‍ॅपचे रूप डोळ्यांसमोर उभे राहू लागते.

चित्रकाराच्या फळीत आणि या पट्टीत एक मोठा फरक आहे. चित्रकार आपल्या फळीवर कोणते रंग काढायचे हे स्वतः ठरवतो. अ‍ॅप रचणाऱ्याला मात्र पॅलेट मांडलेलीच मिळते. ती मांडणाऱ्याने काय गरजेचे धरले, कोणत्या भाषेचा विचार केला, कशाला पुढे आणि कशाला मागे ठेवले, हे सारे निर्णय तिच्यात आधीच झालेले असतात. ही मांडलेली पॅलेट आपल्या कामाप्रमाणे बदलता येते, आणि मराठीच्या शिक्षकाने ती का बदलावी, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे. साहित्याच्या अध्यापकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न कुणाला पडेल. त्याचे उत्तर पुढे ‘क्षितिज’ या एका शब्दापाशी मिळते. त्याआधी पॅलेटची थोडी ओळख करून घेऊ.

जुळाऱ्याची पेटी ते संगणकाची पट्टी

मुद्रणाचा इतिहास शिकवताना मी विद्यार्थ्यांना खिळ्यांच्या पेटीविषयी सांगतो. खिळे जुळवून छपाई होत असे, त्या काळी जुळाऱ्यापुढे घरे पाडलेली पेटी असे. कोणता खिळा कोणत्या घरात, हे ठरलेले असे आणि वारंवार लागणारे खिळे हाताशी ठेवलेले असत. देवनागरीसाठी रोमनपेक्षा कितीतरी अधिक घरे लागत, कारण मात्रा लागलेली अक्षरे, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे यांचीही सोय करावी लागे. पेटीत जो खिळा नाही, तो छापता येत नसे. त्यामुळे पेटीची मांडणी हा लिपीविषयीचाच एक निर्णय असे.

संगणकाची पॅलेट ही याच पेटीची वारस आहे, आणि तिचा इतिहासही ‘घरे कोणी पाडायची’ याच प्रश्नाभोवती फिरतो. अमेरिकेतील ॲलन कूपर यांनी १९८८ साली बिल गेट्स यांना आपल्या एका रचना-साधनाचा नमुना दाखवला. मायक्रोसॉफ्टने तो विकत घेतला आणि पुढे ‘रूबी’ या नावाने तो विकसित झाला. पडद्यावर मांडायच्या तयार वस्तूंना कूपर ‘गिझ्मो’ म्हणत. ही गिझ्मोंची पट्टी त्यांनी बंदिस्त ठेवली नाही. बाहेरच्या माणसाने केलेला नवा गिझ्मो तीत बसवता येईल, अशी सोय त्यांनी केली. मायक्रोसॉफ्टने या साधनाला आपल्या बेसिक भाषेची जोड दिली आणि १९९१ मध्ये ‘व्हिज्युअल बेसिक’ बाजारात आले. घटकांची भर घालण्याची सोय त्यात पुढे पक्की झाली आणि तक्ते, आलेख, दिनदर्शिका असे घटक तयार करून विकणारे उद्योग उभे राहिले. व्हिज्युअल बेसिक लोकप्रिय होण्यामागे या वाढत्या पॅलेटचा वाटा मोठा होता.

१९९५ मध्ये बोर्लँड कंपनीने ‘डेल्फी’ आणले. त्यात घटकांची पॅलेट वरच्या बाजूला, वेगवेगळ्या पानांत विभागलेली होती. वापरणाऱ्याला स्वतःचा घटक लिहून तो आपल्या नावाच्या पानावर बसवता येई. पुढच्या आवृत्त्यांत आणखी एक सोय आली : पडद्यावर जुळवलेला घटकांचा गट, समजा दोन चौकटी आणि एक बटण, साचा म्हणून पॅलेटवर ठेवता येऊ लागला. एकदा जुळवलेले पुन्हा जुळवण्याची गरज उरली नाही. जुन्या छापखान्यात नेहमी लागणारी ओळ बांधून ठेवत, तसाच हा प्रकार.

अ‍ॅप इन्व्हेंटरची पॅलेट

आज शाळा-महाविद्यालयांत या जातीचे जे साधन अधिक दिसते, ते ‘अ‍ॅप इन्व्हेंटर’. एमआयटीचे प्राध्यापक हॅल ॲबलसन यांच्या पुढाकाराने त्याचे काम गूगलमध्ये सुरू झाले आणि २०१० मध्ये ते लोकांपुढे आले. गूगलने ते थांबवल्यावर २०१२ पासून एमआयटीने ते चालवायला घेतले. डिसेंबर २०१३ मध्ये त्याची दुसरी, आजची आवृत्ती आली. ते विनामूल्य आहे, ब्राउझरमध्ये चालते आणि त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली आहे. शेवटची गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

अ‍ॅप इन्व्हेंटर उघडले की डावीकडे पॅलेट दिसते. तिचे खण आहेत : वापरणाऱ्याशी संवाद साधणारे घटक, मांडणीचे घटक, ध्वनी-चित्रांचे, रेखाटनाचे, नकाशांचे, संवेदकांचे, साठवणीचे, जोडणीचे वगैरे. मध्ये फोनचा कोरा पडदा असतो. उजवीकडे वापरात घेतलेल्या घटकांची यादी आणि निवडलेल्या घटकाचे गुणधर्म असतात. घटक मांडून झाले की दुसऱ्या पानावर जायचे. तिथे रंगीत ठोकळे एकमेकांत बसवून ‘बटण दाबल्यावर काय व्हावे’ हे सांगायचे. म्हणजे पॅलेट खरे तर दोन आहेत, एक घटकांची आणि दुसरी ठोकळ्यांची. पहिलीत नामे आहेत आणि दुसरीत क्रियापदे, असे मी मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगतो. ते त्यांना लगेच कळते.

ही पॅलेट आपल्यासाठी बदलण्याच्या तीन वाटा आहेत : कमी करणे, बांधून ठेवणे आणि भर घालणे. तिन्ही वाटा वेगळ्या गरजांसाठी आहेत, म्हणून त्या एकेक करून पाहू.

कमी करणे

एक प्रत्यक्ष काम डोळ्यांपुढे ठेवू. गोव्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या मराठी विभागाला पेडणे, सत्तरी, फोंडा, काणकोण अशा तालुक्यांतले बोलीतले शब्द गोळा करायचे आहेत. विद्यार्थी गावी जातील, शेतीची अवजारे, भांडी, मासे, झाडे, सण यांचे शब्द विचारतील, उच्चार मुद्रित करतील आणि वस्तूचे छायाचित्र घेतील. यासाठी लागणारे अ‍ॅप अगदी लहान आहे. शब्द आणि अर्थ लिहायला दोन चौकटी, तालुका निवडायला एक यादी, एक ध्वनिमुद्रक, एक कॅमेरा, नोंद फोनमध्येच जपून ठेवणारा एक घटक आणि दोन-तीन बटणे, एवढे पुरते.

मराठीच्या वर्गातील मुलामुलींपुढे संपूर्ण पॅलेट उघडली, तर हे मोजके घटक त्या गर्दीत हरवतात. एकजण चेंडू उडवू लागतो, दुसरी नकाशा ओढते आणि तास संपतो. कुतूहल वाईट नाही, पण कामाला वेळ ठरलेला असतो. अ‍ॅप इन्व्हेंटरमध्ये प्रकल्पाच्या गुणधर्मांत ‘ब्लॉक्स टूलकिट’ नावाची सोय आहे. तिच्यात कोणते घटक, त्यांचे कोणते गुणधर्म आणि कोणते ठोकळे दिसावेत, हे शिक्षकाला ठरवता येते. ही निवड प्रकल्पाबरोबरच साठवली जाते. त्यामुळे शिक्षकाने तयार केलेला कोरा प्रकल्प विद्यार्थ्याने उघडला, की त्याला तेवढीच पॅलेट दिसते.

ही निवड करणे म्हणजे पाठ्यपुस्तकासाठी शब्द निवडणेच होय. पहिलीच्या पुस्तकात जोडाक्षरे उशिरा आणतात, तसे इथेही आधी चौकट आणि बटण, मग यादी, मग साठवण असा क्रम लावता येतो. एक पथ्य मात्र पाळावे. कमी केलेली पॅलेट हा पहिला धडा आहे, कायमची मर्यादा नव्हे. ‘याहून अधिक घटक आहेत, ते पुढे उघडू’ हे विद्यार्थ्याला सांगितलेले असावे. अन्यथा साधन एवढेच आहे अशी त्याची समजूत होते आणि ती मोडायला वेळ लागतो.

बांधून ठेवणे

दुसरी वाट सर्वांत सोपी आहे. ठोकळ्यांच्या पानावर उजव्या कोपऱ्यात एका दप्तराचे चित्र असते. नीट जुळवलेले ठोकळे उचलून त्या दप्तरात टाकले की ते आपल्या खात्यात राहतात आणि दुसऱ्या प्रकल्पात काढून वापरता येतात. ‘नोंद रिकामी असेल तर साठवू नकोस’, ‘साठवल्यावर चौकट पुन्हा कोरी कर’ असे छोटे तुकडे शिक्षकाने एकदा जुळवून दप्तरात ठेवावेत. डेल्फीतील साच्यासारखेच हे काम चालते. या वाटेसाठी प्रोग्रॅमिंगची भाषा यावी लागत नाही, आणि पुढे जी अक्षरांची अडचण येणार आहे, तिचे पहिले उत्तर याच दप्तरात बसते.

‘क्षितिज’मध्ये अक्षरे किती?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. समजा, त्याच विद्यार्थ्यांना गोळा केलेल्या शब्दांवरून लहान मुलांसाठी एक खेळ करायचा आहे. शब्दाची अक्षरे विस्कटून दाखवायची आणि मुलांनी ती जुळवून शब्द ओळखायचा. पॅलेटमध्ये मजकुराची लांबी सांगणारा ठोकळा आहे, मजकुराचा तुकडा काढणारा आहे, मजकूर उलटा करणाराही आहे. सारे तयार दिसते. मग ‘क्षितिज’ हा शब्द द्यावा आणि लांबी विचारावी. उत्तर येते ७.

मराठी शिकलेले कोणतेही मूल सांगेल : क्षि, ति, ज, म्हणजे अक्षरे तीन. संगणक मात्र क, हलन्त, ष, ऱ्हस्व इकार, त, ऱ्हस्व इकार, ज अशी सात चिन्हे मोजतो. ‘विद्यार्थी’ या तीन अक्षरी शब्दाची लांबी १० येते आणि ‘स्वातंत्र्य’ या तीन अक्षरी शब्दाची ११. ‘पावसाळा’ विस्कटायला सांगितला तर चार अक्षरांऐवजी सात तुकडे पडद्यावर येतात. त्यांतले तीन नुसते काने असतात, ठिपक्यांच्या वर्तुळाला टेकून उभे. मूल त्याकडे पाहत राहते, कारण असले अक्षर त्याला कुणी शिकवलेलेच नसते.

आणखी एक गमतीचे उदाहरण. ‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलटसुलट सारखेच वाचता येते, हे आपण लहानपणापासून ऐकतो. मधल्या मोकळ्या जागा काढून ते पॅलेटमधल्या उलट करणाऱ्या ठोकळ्याला दिले, तर तो सुरुवातीलाच एक एकटा काना ठेवतो, आणि दोन्ही मजकूर सारखे नाहीत असा निकाल देतो. मराठी कानाला जे विलोम आहे, ते या ठोकळ्याला विलोम नाही.

यात दोष कुणाचा, हे नीट समजून घेतले पाहिजे. युनिकोडची देवनागरी चुकीची आहे, असे नाही. भारतातच तयार झालेल्या इस्की या संकेतप्रणालीवरून ती घेतलेली आहे. स्वर, व्यंजने, मात्रा आणि हलन्त यांना स्वतंत्र स्थान द्यायचे आणि त्यांच्या जुळणीतून अक्षर घडवायचे, हे तिचे तत्त्व. त्यामुळे देवनागरीचा मूळ विभाग केवळ १२८ जागांत मावतो. प्रत्येक जोडाक्षराला प्रत्येक मात्रेसह वेगळी जागा द्यायची म्हटले असते, तर हजारो जागा लागल्या असत्या. साठवण्यासाठी आणि शोधण्यासाठी ही योजना उत्तम आहे. अडचण पॅलेटमधल्या ठोकळ्यात आहे. साठवणीचे एकक आणि वाचणाऱ्याचे एकक एकच आहे, असे त्याने धरले आहे. साध्या इंग्रजी मजकुराला हे गृहीत सहसा अडत नाही, म्हणून ते कुणाच्या डोळ्यांत येत नाही. मराठीत ते पहिल्याच शब्दाला अडते.

गोव्यात याचे महत्त्व आणखी आहे. इथे अनेक मुले प्राथमिक शिक्षण मराठीतून घेतात आणि पुढे इंग्रजी माध्यमात जातात. कोडिंगशी त्यांची गाठ बहुधा या दुसऱ्या टप्प्यावर पडते. अशा मुलाने आपल्या भाषेतला शब्द पहिल्यांदा यंत्राला द्यावा आणि यंत्राने तो मोडून त्याच्या हाती ठेवावा, तर ते कोणता निष्कर्ष काढील? ‘हे काम इंग्रजीतच होते, मराठीत होत नाही.’ हा निष्कर्ष चुकीचा आहे, पण पॅलेट त्याला तोच शिकवते. शिक्षकाने मध्ये पडायचे ते इथे.

भर घालणे

अक्षरे वेगळी करण्याचे नियम आपल्याला ठाऊक आहेत. ते यंत्राला सांगायचे एवढेच. मजकुरातील चिन्हे एकेक करून घ्यायची आणि प्रत्येक वेळी चार गोष्टी तपासायच्या. पहिली : आलेले चिन्ह मात्रा, अनुस्वार, चंद्रबिंदू, विसर्ग, नुक्ता किंवा हलन्त असेल, तर ते मागच्या अक्षराला जोडावे. दुसरी : मागचे चिन्ह हलन्त असेल आणि आलेले चिन्ह व्यंजन असेल, तरीही ते मागच्यालाच जोडावे. तिसरी : काही कळफलकांवर ‘दऱ्या’सारख्या शब्दातील अर्धा र उमटवण्यासाठी एक अदृश्य जोडचिन्ह येते, तेही मागच्याला जोडावे आणि हलन्ताचा परिणाम पुढे चालू ठेवावा. चौथी : यांपैकी काहीच नसेल, तर नवे अक्षर सुरू करावे.

हे चार नियम तयार ठोकळ्यांतून जुळवता येतात. ‘प्रत्येकासाठी’ हा फेरा घेणारा ठोकळा, ‘जर-तर’चे ठोकळे आणि मात्रांची एक यादी एवढे साहित्य पुरते. जुळणी झाली की तिला एक नाव देऊन दप्तरात ठेवायचे. मराठीच्या विद्यार्थ्यांकडून ही जुळणी करून घेणे हा व्याकरणाचाच एक चांगला पाठ होतो. अक्षर म्हणजे काय, व्यंजनात स्वर कुठे दडलेला असतो, हलन्त काय करतो, हे व्याख्येत पाठ केलेले सारे तिथे उपयोगात आणावे लागते. नियम चुकला तर ‘क्षि’चे दोन तुकडे पडतात आणि चूक डोळ्यांना दिसते.

ठोकळ्यांची जुळणी मोठी होऊ लागली की तिसरी वाट घ्यावी. अ‍ॅप इन्व्हेंटरच्या पॅलेटमध्ये अगदी तळाशी विस्तारांचा खण असतो. सुरुवातीला तो रिकामा असतो. जावा भाषेत लिहून तयार केलेला नवा घटक एका फाइलच्या रूपात तिथे आणता येतो. त्यानंतर तो इतर घटकांप्रमाणेच ओढून वापरता येतो आणि त्याचे ठोकळे दुसऱ्या पानावर आपोआप दिसू लागतात. आपल्या कामाचा घटक पडद्यावर न दिसणारा असेल. त्याला चार कामे यावीत : मजकुराची अक्षरे वेगळी करणे, अक्षरे मोजणे, अक्षरांनुसार उलटे करणे आणि शब्द वर्णक्रमाने लावणे. हे लिहिण्यासाठी संगणक विभागातील सहकाऱ्याची मदत लागेल, पण काय लिहायचे ते मराठी विभागाने सांगायचे आहे. एकदा तयार झालेला घटक देवनागरीतील कोंकणीलाही चालतो, कारण अक्षरांचे हे नियम लिपीचे आहेत. आपल्याकडे ही गोष्ट लहान नाही.

हे काम फोनच्या प्रणालीवर सोपवता येणार नाही का, असे कुणी विचारील. अंशतः येते. वाचणाऱ्याचे एकक ओळखण्याचे नियम युनिकोडने स्वतंत्रपणे केलेले आहेत. मात्रा मागच्या व्यंजनाला जोडणे त्यांत आधीपासून होते. जोडाक्षर मात्र हलन्तापाशी तुटत असे. २०२३ मध्ये आलेल्या युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांतील जोडाक्षरे न तोडण्याचा नियम आला. पण विद्यार्थ्यांच्या हाती असलेले सगळेच फोन नवे नसतात. म्हणून आपले चार नियम आपल्या घटकात लिहिलेले बरे.

वर्णक्रम आणि वृत्त

वर्णक्रमाचा प्रश्न थोडा निराळा आहे. बोलीतील शब्दांची यादी क्रमाने लावायला तयार ठोकळा वापरला, तर तो युनिकोडमधील स्थानांप्रमाणे क्रम लावतो. त्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये आहे. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ येतो ‘ह’नंतर. म्हणून यंत्राच्या यादीत ‘कल’, ‘कळ’, ‘कवी’, ‘कहाणी’ असा क्रम येतो, आणि वर्णमालेप्रमाणे ‘कळ’ शेवटी हवा. ‘क्ष’ यंत्राच्या यादीत ‘क’च्या शेवटी, ‘ख’च्या आधी येतो, वर्णमालेत तो ‘ळ’नंतर आहे. इथे तर कोशकारांतही एकमत नाही. काही कोश ‘क्ष’ला ‘क’मध्ये घेतात, काही शेवटी ठेवतात. यांत्रिक नियम हा वाद मिटवू शकत नाही. घटक तयार करणाऱ्या विभागाने एक पद्धत निवडावी, ती स्पष्ट लिहून ठेवावी आणि सर्व याद्या तिच्याप्रमाणे लावाव्यात.

वृत्ताचे उदाहरण लेखक मंडळींना जवळचे वाटेल. अक्षरे नीट मोजणारा घटक हाती आला, की छंदाच्या अभ्यासाचे एक छोटे साधन करता येते. मोठ्या अभंगाच्या चरणांत सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे असतात. विद्यार्थ्याने स्वतः रचलेली ओळ चौकटीत लिहावी आणि मोजणी पाहावी. भुजंगप्रयातात चरणाला बारा अक्षरे आणि चार य-गण असतात. अक्षरांची संख्या यंत्र लगेच सांगेल. शेवटी येणारे ‘अर्थात्’मधल्यासारखे हलन्त व्यंजन मोजू नये, एवढा एक नियम वाढवावा लागेल.

लघु-गुरूपाशी मात्र सावध व्हावे लागते. दीर्घ स्वर, अनुस्वार, विसर्ग यांनी अक्षर गुरू होते आणि पुढे जोडाक्षर आले की मागचे लघू अक्षर गुरू होते, इतके यंत्राला सांगता येते. पण ‘तुझ्या’, ‘पुन्हा’ या शब्दांत पुढे जोडाक्षर असूनही मागच्या अक्षरावर आघात येत नाही आणि ते लघूच राहते. हा निर्णय उच्चार ऐकणाऱ्या कानाचा आहे. अशा जागी घटकाने निकाल देऊ नये. ‘इथे उच्चारून पाहा’ अशी खूण करून थांबावे. यंत्राला कुठे थांबवायचे हे ठरवणे, हाही पॅलेट आपल्याप्रमाणे करण्याचाच भाग आहे.

काही पथ्ये

बदललेली पॅलेट जपावी लागते. पहिले पथ्य म्हणजे बाहेरून आणलेला विस्तार तपासल्याशिवाय घेऊ नये. तो तयार संहितेचा गठ्ठा असतो आणि अ‍ॅपबरोबर फोनवर चालतो. ज्याची मूळ संहिता उघडपणे वाचता येते आणि जो कुणीतरी सांभाळत आहे, तोच वापरावा. दुसरे, विस्तार प्रकल्पाच्या फाइलबरोबर जातो ही सोय आहे, पण त्यामुळे एकाच घटकाच्या जुन्या-नव्या प्रती वेगवेगळ्या प्रकल्पांत राहून जातात. म्हणून घटकाच्या वर्णनात आवृत्तीचा क्रमांक आणि बदलांची नोंद मराठीत असावी. तिसरे, घटक तयार करणारा विद्यार्थी दोन-तीन वर्षांत महाविद्यालय सोडून जातो. त्याच्यामागे घटक अनाथ होऊ नये, यासाठी संहिता विभागाच्या खात्यात असावी आणि ती वाचता येणारा निदान एक शिक्षक असावा.

चौथे पथ्य परीक्षेचे. प्रत्येक नवा बदल केल्यावर ठरलेल्या शब्दांवर तो चालवून पाहावा. माझ्या यादीत क्षितिज, विद्यार्थी, स्वातंत्र्य, दुःख, अर्थात्, ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ ही जोडी, तसेच ‘ऑ’ आणि ‘अ‍ॅ’ असलेले दोन-चार शब्द आहेत. ‘दुःख’ मुद्दाम ठेवला आहे, कारण पुष्कळजण विसर्गाऐवजी अपूर्णविरामाचे चिन्ह टंकित करतात. दिसायला दोन्ही सारखी, यंत्राला मात्र वेगळी. प्रत्येक शब्दापुढे अपेक्षित अक्षरसंख्या लिहिलेली असावी. एका शब्दाचे जरी उत्तर चुकले, तरी घटक वर्गात नेऊ नये.

अशी यादी प्रत्येक शिक्षकाने वेगळी करत बसण्याचे कारण नाही. परीक्षेचे शंभरेक शब्द, वर्णक्रमाचा लेखी निर्णय आणि अक्षरे वेगळी करण्याचे नियम एवढे तीन कागद आपल्यापैकी काही विभागांनी मिळून एका शैक्षणिक वर्षात तयार करता येतील. बेळगाव, इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी विभागांना तेच कागद जसेच्या तसे उपयोगी पडतील. अ‍ॅप इन्व्हेंटर उद्या मागे पडेल आणि दुसरे साधन येईल. व्हिज्युअल बेसिक आणि डेल्फी यांच्या बाबतीत आपण ते पाहिले आहे. नव्या साधनाची पॅलेटही दुसऱ्या कुणीतरी मांडलेलीच असेल. त्या दिवशी हे तीन कागद तयार असले, तर घटक नव्याने लिहायला संगणक विभागाला फार दिवस लागणार नाहीत.